शिंप्याला कोट धरून ठेवता येतो, फरशीवाल्याला फ्लॅट नाही

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा लोकलमध्ये रेंज जाते, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" जरा कमी केलेत. आणि नेहमीचं आधीच सांगून टाकतो: मी वकील नाही, इतिहासाचा प्राध्यापकही नाही. बीटेक करून कोड लिहिणारा माणूस आहे. पण आजचा विषय माझ्या कोडमधूनच निघाला.

चार फॉर्म आणि माझा शहाणपणा

मी पुण्यात ज्या कंपनीत काम करतो, ती अमेरिकेतल्या बांधकाम ठेकेदारांसाठी सॉफ्टवेअर बनवते. बिलं, मोजमापं, पेमेंट. एकदा माझ्याकडे कॅलिफोर्नियाच्या स्क्रीनचं काम आलं. त्या स्क्रीनवर "लीन वेव्हर" नावाचे चार फॉर्म होते. हप्त्याच्या पेमेंटसाठी सशर्त, हप्त्याच्या पेमेंटसाठी बिनशर्त, शेवटच्या पेमेंटसाठी सशर्त आणि शेवटच्या पेमेंटसाठी बिनशर्त. चारही फॉर्मात बहुतेक रकाने तेच. आम्हाला कॉलेजपासून शिकवलंय की एकच गोष्ट चारदा लिहायची नाही. मग मी काय केलं, चारांचा एक फॉर्म केला, वर एक ड्रॉपडाऊन दिला आणि खालचा लांबलचक मजकूर दोन ओळींत बसवला. स्वतःवर खूश होऊन कोड पाठवला.

तिकडच्या सहकाऱ्याचं उत्तर आलं: हा मजकूर आपला नाही, राज्याच्या कायद्यातला आहे. बदलता येणार नाही.

मला कळेना. कुठल्या राज्याची विधानसभा बसून फॉर्ममधला मजकूर ठरवते? म्हणून तो फॉर्म पहिल्यांदा नीट वाचला. बिनशर्त फॉर्मच्या वरच एक सूचना असते. तिचा अर्थ असा: यावर सही केलीत तर तुमचा हक्क गेला, पैसे मिळालेले नसले तरी गेला, पैसे मिळाले नसतील तर सशर्त फॉर्म वापरा. म्हणजे सरकार त्या सही करणाऱ्या माणसाचा हात धरून सांगतंय की बाबा, थांब. आणि मी तीच सूचना जागा वाचवायला उडवली होती.

त्याच आठवड्यात मामाचा फोन आला.

माझा मामा फरशीचं काम करतो. साइटच्या भाषेत पेटी कॉन्ट्रॅक्टर. बिल्डरने मुख्य ठेकेदाराला काम दिलं, त्याने फिनिशिंगवाल्याला दिलं, फिनिशिंगवाल्याने मामाला दिलं. मामाकडे सहा कारागीर. काम दिवाळीआधी संपलं होतं. लोक राहायला आले, मामाने लावलेल्या टाइल्सवर पाय ठेवून आंघोळी करायला लागले आणि मामाचे २ लाख ८० हजार अजून अडकलेले. फिनिशिंगवाल्याचं एकच वाक्य: "वरून आले की देतो."

मामा मला म्हणाला, "अरे, तू अमेरिकेतल्या ठेकेदारांची बिलं काढून देतोस ना? मग माझं पण एक काढ की." तो हसला. मला काही हसू आलं नाही. कारण माझ्या स्क्रीनवर नेमका त्याच प्रश्नाचा सव्वादोनशे वर्षांचा इतिहास उघडा होता आणि मला तो माहीत नव्हता. मग रात्री बसून वाचत गेलो. आजचा भाग त्यातूनच झाला.

आधी शिंपी समजून घेऊ

तुम्ही शिंप्याला कापड दिलं. त्याने कोट शिवला. तुम्ही पैसे देत नाही, तर तो काय करेल? कोट देणार नाही. सोनार दागिना देणार नाही, घड्याळवाला घड्याळ देणार नाही. यासाठी कुणी कोर्टात जात नाही. वस्तू हातात आहे, हीच ताकद.

आपल्याकडे हे कायद्यातही लिहिलंय. भारतीय करार कायदा, १८७२, कलम १७०. त्यातलं उदाहरण मस्त आहे: एकाने जवाहिऱ्याला ओबडधोबड हिरा पैलू पाडायला दिला, जवाहिऱ्याने काम केलं, तर मजुरी मिळेपर्यंत तो हिरा स्वतःकडे ठेवू शकतो. पुढचं उदाहरण शिंप्याचंच आहे. शिंप्याने कबूल केलं की कोट तयार झाला की लगेच देतो आणि पैशांना तीन महिन्यांची उधारी. मग मात्र त्याला कोट अडवता येत नाही. उधारी कबूल केली, हातातली ताकद गेली. हे वाक्य लक्षात ठेवा, नंतर लागणार आहे.

आता फरशीवाला बघा. त्याने टाइल लावली की ती टाइल राहत नाही, फ्लॅट होते. गवंड्याची वीट भिंत होते आणि भिंत जमिनीची होते. जमीन कुणाची? दुसऱ्याची. काम जितकं चांगलं चिकटवलं, तितकं ते हातातून कायमचं सुटलं. इंग्लंडच्या जुन्या कायद्यातही हीच अडचण होती: हातातल्या वस्तूवर कारागिराचा हक्क, पण जमिनीला जोडलेल्या कामावर नाही. पैसे बुडाले तर साध्या सावकारासारखा दावा लावायचा आणि रांगेत उभं राहायचं.

ही अडचण कायद्याने पहिल्यांदा सोडवायला घेतली ती अमेरिकेत, आणि तीही एका रिकाम्या माळावर.

१७९१: शहर कागदावर, बांधणारे कुठायत?

अमेरिका स्वतंत्र झाली होती, नवी राजधानी बांधायचं ठरलं होतं. पोटोमॅक नदीकाठची जागा ठरली, लांफाँ नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने आराखडा काढला. रुंद रस्ते, मोठे चौक, सगळं कागदावर. जागेवर शेतं, झाडी आणि चिखल. पैसे उभे करायची युक्ती आजच्या कुठल्याही नव्या टाउनशिपसारखीच: प्लॉट पाडायचे आणि विकायचे.

८ सप्टेंबर १७९१ रोजी जॉर्जटाउनमध्ये एक बैठक झाली. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन, जेम्स मॅडिसन आणि शहरासाठी नेमलेले तीन आयुक्त. याच बैठकीत शहराला वॉशिंग्टन हे नाव द्यायचं ठरलं. आणि याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरली, जी नावाइतकी कुणाला आठवत नाही: मेरीलँड राज्याच्या विधिमंडळाला विनंती करायची, की घरं बांधणाऱ्या कारागिरांना त्यांनी बांधलेल्या घरावर आणि त्याखालच्या जमिनीवर हक्क देणारा कायदा करा.

पुढच्याच महिन्यात प्लॉटचा पहिला लिलाव झाला. स्वतः राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन हजर. विकले गेले फक्त ३५ प्लॉट. अशा ठिकाणी कुठला गवंडी, कुठला सुतार आपली वीट आणि लाकूड घालून घर उभं करेल? प्लॉट घेणाऱ्याकडे जमीन आहे, रोकड नाही. तो बुडाला तर?

डिसेंबर १७९१ मध्ये मेरीलँडने कायदा केला. त्यात एका कलमात हा हक्क आला. यालाच इंग्रजीत लीन म्हणतात, आपल्या सरकारी मराठीत धारणाधिकार. (आपल्या मराठीत लीन म्हणजे नम्र. हा लीन अजिबात नम्र नाही.) याचा साधा अर्थ: माझे पैसे दिले नाहीत तर हे घर विकून ते वसूल करता येतील. घर दुसऱ्याला विकलंत तरी माझा हक्क घरासोबत जाईल. शिंप्याच्या हातात कोट असतो ना, तसं कायद्याने गवंड्याच्या हातात घराचं एक टोक दिलं.

आता दोन गोष्टी बघा. पहिली, हा कायदा कुणाची दया येऊन झाला नाही. कायद्याने स्वतःच कारण दिलंय: बांधकाम करणाऱ्यांना या शहरात काम घ्यायला उत्तेजन मिळावं. सरकारला शहर हवं होतं, कारागिरांना भरवसा हवा होता. सौदा झाला. भीतीही काही उगाच नव्हती. काही वर्षांतच रॉबर्ट मॉरिस आणि त्याच्या भागीदारांनी या शहरात हजारो प्लॉट घेतले, घरं बांधायचं कबूल केलं आणि ते दिवाळखोर झाले. हा मॉरिस म्हणजे स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणारा, युद्धाचा पैसा उभा करणारा माणूस. १७९८ मध्ये तो कर्जापायी तुरुंगात गेला. इतका मोठा माणूस बुडू शकतो, तर कारागिराने कुणाच्या तोंडाकडे बघून काम करायचं?

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या कायद्याची अट वाचा: करार लेखी हवा, तो अधिकाऱ्यापुढे कबूल केलेला हवा, सहा महिन्यांत नोंदवलेला हवा, आणि काम संपल्यापासून दोन वर्षांत कोर्टात जायला हवं. आणि हक्क कुणाला? ज्याच्यासाठी घर बांधलं जातंय, त्याने स्वतः ज्याला कामाला लावलं त्याला.

म्हणजे मालकाचा थेट ठेकेदार आत. त्या ठेकेदाराने पुढे ज्याला काम दिलं तो बाहेर. पहिल्याच कायद्यात मामा बाहेर!

दोनदा पैसे कुणी द्यायचे?

पुढची जवळपास शंभर वर्षं अमेरिकेतल्या एकेका राज्याने असे कायदे केले. पेनसिल्व्हेनियाने १८०३ मध्ये फिलाडेल्फियाच्या काही भागापुरता केला, मग तो वाढवत नेला. हळूहळू पोटठेकेदार, मजूर, माल पुरवणारे आत येऊ लागले. पण आत घेताना एक अवघड प्रश्न आला, तो आकड्यांतून समजून घेऊ.

घराचा करार १,००० डॉलरचा. मालकाने मुख्य ठेकेदाराला ९०० दिले. ठेकेदाराने पोटठेकेदाराचे ३०० दिले नाहीत आणि पसार झाला. आता पोटठेकेदाराला घरातून किती मिळावेत?

एक पद्धत म्हणते: मालकाकडे ठेकेदाराचे १०० बाकी आहेत, तेवढ्यावरच तुझा हक्क. याला न्यूयॉर्क पद्धत असं नाव पडलं. दुसरी म्हणते: तुझं काम त्या घरात आहे, तुझे ३०० च्या ३०० घरावर. ही पेनसिल्व्हेनिया पद्धत. यात मालकाला एकाच कामाचे पैसे दोनदा द्यावे लागू शकतात.

मला आधी वाटलं, दुसरी पद्धत बरोबर, सोपं आहे. पण मग विचार केला, माझ्या आईबाबांनी घर बांधायला काढलंय, त्यांनी ठेकेदाराला सगळे पैसे प्रामाणिकपणे दिलेत आणि सहा महिन्यांनी कधी न पाहिलेला माणूस येऊन सांगतो की तुमच्या घरावर माझा हक्क आहे. त्यांनी काय करायचं? त्यांना तर माहीतही नव्हतं की हा माणूस आपल्या घरात काम करून गेला.

यातून नोटिशीची पद्धत निघाली. तुला हक्क हवा ना? मग मालकाला वेळेवर कळव की तू आहेस. कॅलिफोर्नियात आज नियम असा आहे: पोटठेकेदाराने काम सुरू केल्यापासून २० दिवसांत मालकाला, मुख्य ठेकेदाराला आणि कर्ज देणाऱ्याला प्राथमिक नोटीस द्यायची. उशीर झाला तर नोटिशीआधीच्या फक्त २० दिवसांपर्यंतचंच काम धरलं जातं. काम पूर्ण झालं की साधारणपणे ९० दिवसांत लीन नोंदवायचा. मालकाने काम पूर्ण झाल्याची नोंद केली असेल तर पोटठेकेदाराला फक्त ३० दिवस. नोंदवला की ९० दिवसांत दावा लावायचा. एक तारीख चुकली की त्या घरावरचा हक्क संपला.

ही नोटीस म्हणजे भांडण नव्हे. पैसे थकायच्या आधी, पहिल्याच आठवड्यात जाते. "नमस्कार, तुमच्या इमारतीत विजेचं काम मी करतोय," एवढंच. मालक मग ठेकेदाराला पैसे देताना विचारतो, विजेवाल्याचे दिलेस का? दाखव त्याची सही. आणि ती सही ज्या कागदावर घेतात, तो कागद म्हणजे माझ्या स्क्रीनवरचा लीन वेव्हर. पैसे घेतो आणि तेवढ्यापुरता हक्क सोडतो, अशी पावती.

पण व्यवहारात काय व्हायचं? "आधी सही कर, मग चेक देतो." अडलेला माणूस सही करतो. म्हणून कॅलिफोर्नियाने फॉर्मचा मजकूरच कायद्यात घातला. सशर्त म्हणजे चेक वटला तरच हक्क सुटला. माझ्या ड्रॉपडाऊनने काय उडवलं होतं, ते तेव्हा मला कळलं.

याच कॅलिफोर्नियाने १८७९ च्या राज्यघटनेत कारागीर, मजूर आणि माल पुरवणारे यांचा हा हक्क लिहून ठेवलाय. साध्या कायद्यात नाही, थेट राज्यघटनेत. पुढे त्याचा फार उपयोग झाला, सांगतो.

सरकारी इमारत लिलावात काढता येत नाही

आता मधे एक छोटा प्रश्न. घर विकून पैसे वसूल, ठीक आहे. पण काम पोस्ट ऑफिसचं असेल तर? धरणाचं? सरकारी मालमत्तेवर लीन चालत नाही. म्हणजे सरकारचं काम करणारा पोटठेकेदार पुन्हा उघड्यावर.

यावर १८९४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने हर्ड कायदा केला, आणि १९३५ मध्ये त्याच्या जागी मिलर कायदा आला. उपाय असा की मुख्य ठेकेदाराने काम घेतानाच जामीन कंपनीचा बाँड द्यायचा. पोटठेकेदाराचे पैसे बुडाले तर बाँडमधून. पुढे राज्यांनी आपापल्या सरकारी कामांसाठी असेच कायदे केले, त्यांना गमतीने "छोटे मिलर कायदे" म्हणतात.

पण साखळी किती लांब जाऊ द्यायची? १९४४ मध्ये सुप्रीम कोर्टापुढे मॅकइव्हॉय कंपनीचं प्रकरण आलं. न्यू जर्सीतल्या लिंडनमध्ये युद्धकाळातली सरकारी घरं बांधली जात होती. मुख्य ठेकेदाराने एका पुरवठादाराकडून माल घेतला, त्या पुरवठादाराने आणखी एकाकडून घेतला, आणि या शेवटच्याचे पैसे राहिले. कोर्टाने सांगितलं, बाँड इतक्या खालपर्यंत पोचत नाही. पोटठेकेदाराला माल देणारा चालेल, पण पुरवठादाराला माल देणारा नाही.

म्हणजे कायदा दर वेळी एक पायरी खाली उतरतो, आणि दर वेळी त्याच्याही खालच्या पायरीवर कुणीतरी उभा असतो.

"वरून आले की देतो"

आता मामाच्या वाक्याकडे येऊ. मला वाटायचं हे आपल्याकडचं वाक्य आहे. नाही. अमेरिकेत ते करारात छापलेलं असतं आणि त्यावर कोर्टात मोठ्या लढाया झाल्यात.

पहिली प्रसिद्ध लढाई प्लंबिंगवाल्याची. केंटकीत घोड्यांच्या शर्यतीचं मैदान बांधलं जात होतं. डायर नावाच्या कंपनीने प्लंबिंग केलं. करारात होतं की मालकाने मुख्य ठेकेदाराला पैसे दिल्यावर पाच दिवसांनी तुमचे. मालक दिवाळखोरीत गेला. मुख्य ठेकेदार म्हणाला, मला आले नाहीत, तर तुला कसले? १९६२ मध्ये अपील कोर्टाने निकाल दिला: या वाक्याने पैसे कधी द्यायचे ते ठरतं, द्यायचे की नाही ते ठरत नाही. वाजवी काळ थांबा, मग द्या. मालक बुडण्याचा धोका मुख्य ठेकेदाराचा, कारण मालकाला निवडलं त्याने. प्लंबरने नाही.

ठेकेदारांचे वकील हुशार. त्यांनी पुढच्या करारांत वाक्य बदललं: मालकाने दिले *तरच* देऊ. एका "तर"ला एक "च" लागला आणि मालक बुडण्याचा सगळा धोका खालच्या माणसावर.

यावर १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायालयाने, म्हणजे तिथल्या कोर्ट ऑफ अपील्सने, एका इलेक्ट्रिक कंपनीच्या खटल्यात सांगितलं की असं कलम चालणार नाही. कारण? आमच्या राज्यात लीनचा हक्क आधीच करारात सोडून देणं कायद्याने रद्दबातल आहे. "दिले तरच" म्हणजे पैसे कधीच देय होणार नाहीत, आणि देयच नाहीत तर लीन कशावर? म्हणजे मागच्या दाराने तोच हक्क काढून घेणं. १९९७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच केलं, आणि आधार घेतला त्या १८७९ च्या राज्यघटनेचा. कुणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी एक वाक्य घटनेत घालून ठेवलं होतं, ते कामाला आलं.

सगळीकडे असं झालेलं नाही, हेही सांगायला हवं. अनेक राज्यांत आजही, स्पष्ट शब्दांत लिहिलेलं असेल तर "तरच" चालतं. एका राज्यात तुमचे पैसे सुरक्षित, हद्द ओलांडली की नाहीत.

पैसे खाली येत नाहीत, जबाबदारी मात्र येते

मजा बघा. इमारतीत पैसा वरून खाली यायला वर्ष लावतो. दोष मात्र लिफ्टने येतो.

समजा परांची मुख्य ठेकेदाराने चुकीची बांधली आणि माणूस पडला. करारात कलम असतं: या कामातून निघालेली सगळी भरपाई पोटठेकेदार देईल. सगळी, म्हणजे मुख्य ठेकेदाराच्या चुकीचीसुद्धा. याविरुद्धही राज्यांनी कायदे केले. कॅलिफोर्नियाने १९६७ मध्ये सुरुवात केली: चूक पूर्णपणे तुझीच असेल तर ती दुसऱ्यावर टाकणारं कलम रद्द. मग लोक त्यातून वाट काढायला लागले, चूक ९९ टक्के माझी, १ टक्का त्याची. म्हणून १ जानेवारी २०१३ पासूनच्या करारांसाठी नियम आणखी कडक केला. टेक्सासने २०१२ पासून असाच कायदा लागू केला.

आणि एक पाऊल उलट्या दिशेनेही पडलं. १ जानेवारी २०१८ पासूनच्या खासगी बांधकाम करारांत, पोटठेकेदाराने आपल्या मजुरांची मजुरी बुडवली तर कॅलिफोर्नियात मुख्य ठेकेदारालाच ती द्यावी लागते. यात मुख्य ठेकेदाराने मधल्याचे पैसे चुकते केले होते का, हा बचाव चालत नाही.

हे वाचून मी थांबलो. कारण हे आपल्याकडे १९७० मध्येच कायद्यात आलं होतं. कंत्राटी कामगार कायदा, कलम २१: कंत्राटदाराने मजुरी दिली नाही तर मूळ मालकाने द्यायची आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करायची. मजुराच्या बाबतीत आपला विचार जवळपास पन्नास वर्षं आधी झाला होता. अंमलबजावणी किती झाली हे कुठल्याही नाक्यावर जाऊन विचारा, ती वेगळी गोष्ट.

मग मामाचं काय?

मामा मजूर नाही, निदान कागदावर नाही. तो ठेकेदार आहे. सहा जणांची मजुरी त्यानेच द्यायची, आणि त्याने दिली. व्याजाने काढून दिली. त्याला वाचवणारं काय आहे?

इमारतीवर हक्क देणारा कायदा भारतात नाही. कलम १७० हिऱ्याला आहे, टाइलला नाही. २००६ चा एमएसएमई कायदा आहे: छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्या, नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ व्याज. ऐकायला जबरदस्त. पण हा कायदा माल आणि सेवा यांच्याबद्दल बोलतो. माल आणि मजुरी एकत्र असलेलं बांधकामाचं कंत्राट त्यात बसतं का, यावर कोर्टांत वाद झाले, आणि मुंबई हायकोर्टाने काही निकालांत बसत नाही असं म्हटलं. शिवाय मामाकडे ना नोंदणी, ना करार. त्याच्याकडे एक चलनांची वही, व्हॉट्सॲपवर चार फोटो आणि एक "हो".

मी त्याला विचारलं, "मामा, बोलणं काय झालं होतं सुरुवातीला?" तो म्हणाला, "काय व्हायचंय? बिल पास झालं की पैसे." मला शिंपी आठवला. उधारी कबूल केली, हातातली ताकद गेली.

दीड महिना खेपा घालून त्याला २ लाख ८० हजारांतले दीड लाख मिळाले. बाकीचे "रिटेन्शन" म्हणून ठेवले. काम बरोबर आहे याची खात्री होईपर्यंत ठेवलेली रक्कम. पण किती टक्के, कधीपर्यंत, काही ठरलेलं नव्हतं. तिकडे यावरही कायदे होतायत. न्यूयॉर्कने २०२३ मध्ये मोठ्या खासगी कामांत ही रक्कम ५ टक्क्यांवर आणली, कॅलिफोर्नियाने २०२६ पासूनच्या बहुतेक खासगी करारांना तीच मर्यादा लावली. मामाचे रोखलेले पैसे ४६ टक्के होतात. मी त्याला हा हिशोब सांगितला नाही.

इतिहास वाचून मला एक गोष्ट पटली. २३० पेक्षा जास्त वर्षांत जे काही कायदे झाले, ते सगळे एकाच साध्या गोष्टीभोवती फिरतात: शेवटच्या माणसाचं नाव वरच्या माणसाला माहीत असणं. १७९१ मध्ये नोंदवही होती, आता नोटीस आहे, बाँड आहे, फॉर्म आहे. जिथे नाव पोचलं तिथे पैसे पोचायची शक्यता निर्माण झाली. मामाच्या टाइलवर रोज चालणाऱ्या एकाही माणसाला, बिल्डरच्या ऑफिसातल्या कुणालाही, त्याचं नाव माहीत नाही.

म्हणून नव्या कामाला मी त्याला एक छोटा मेसेज लिहून दिला. काम सुरू झालं त्या दिवशीच पाठवायचा. फिनिशिंगवाल्याला नाही, त्याच्या वरच्या मुख्य ठेकेदाराच्या ऑफिसला: तुमच्या अमुक इमारतीत, अमुक मजल्यांवर फरशीचं काम मी आजपासून करतोय, दर हा, माणसं इतकी, प्रत्येक मजला झाला की मोजमाप पाठवेन. याला कायद्याचा काही धाक नाही, हे त्यालाही माहीत आहे. पण उद्या भांडायची वेळ आली तर "हा माणूस कोण?" असं तरी कुणी म्हणू नये.

मामा आधी नको म्हणत होता. "वरच्याला डायरेक्ट मेसेज केला तर हा मला पुढचं काम देईल का?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कॅलिफोर्नियाच्या कायद्यातही मला सापडलं नाही. शेवटी त्याने पाठवला.

उत्तर आलं नाही. दोन निळ्या टिक आल्या. म्हणजे वाचला तरी. मामाने त्याचा स्क्रीनशॉट काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, "जपून ठेव."

ठेवलाय.

तर मंडळी, आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात, नात्यात कुणी पेटी कॉन्ट्रॅक्टर असेल, प्लंबर, सुतार, पीओपीवाला, रंगवाला, तर त्याला हा भाग ऐकवा आणि एक प्रश्न विचारा: काम सुरू करायच्या आधी कागदावर काय घेतोस? जे उत्तर येईल ते मला कळवा. आणि ज्यांचं घर सध्या बांधून होतंय त्यांनी, एकदा साइटवर जाऊन फरशी लावणाऱ्याला त्याचं नाव विचारा. भेटू पुढच्या भागात.